चढावर दम टाकणारी गाडी

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. तुळजापूर रस्त्याला आमची माळरानाची जमीन आहे. तिथं मी आणि माझे दीर कृषी पर्यटन केंद्र चालवतो. खाली गेट आणि स्वयंपाकघर, वर टेकाडावर पाहुण्यांच्या खोल्या. मधला मुरमाचा रस्ता साधारण १२० मीटरचा, चढ चांगलाच आहे. वयस्कर पाहुण्यांसाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही पेट्रोलवर चालणारी जुनी गोल्फ कार्ट घेतली. एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीच्या आसपासची. यंदा पावसाळ्याचे चार महिने ती शेडमध्ये उभी होती. दसऱ्याला बाहेर काढली तर सपाटीवर छान पळते, पण अर्धा चढ चढला की आवाज बसत बसत जातो आणि गाडी थांबते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते आणि उरलेला चढ जाते. एकटा ड्रायव्हर असला तर कधी कधी पूर्ण चढते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवा टाकला. आता एक जण म्हणतो, गव्हर्नर बांधून टाका, ताकद वाढेल. परवा एका आजींना अर्ध्या चढावर उतरवून हाताला धरून वर न्यावं लागलं. फार वाईट वाटलं. महिन्याभरात हुरड्याचे पाहुणे सुरू होतील. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. गाडी अर्ध्या चढापर्यंत बरी जाते, मग बसते, आणि पाच मिनिटांनी आपोआप बरी होते. रोग बहुतेक याच वाक्यात आहे. कार्बोरेटर उघडण्याआधी कुणी तुम्हाला हे विचारलं असतं तर तुमचे निम्मे पैसे वाचले असते. गव्हर्नरला, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेला, मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

सपाटीवर छान पळते म्हणून इंजिन ठीक, असं सगळे धरून चालतात. तिथंच फसगत होते. गाडीचं वजन ३५० किलो धरा. ड्रायव्हर धरून पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या मिळून आणखी ३५०. हे ७०० किलो मुरमाच्या सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने ओढायला चाकाशी जेमतेम सव्वा एचपी लागते. तोच रस्ता आठ मीटरला एक मीटर उचलला गेला, तर त्याच वेगाला सहा एचपी लागतात. ही इंजिनं नवी असताना दहा-बारा एचपीची असतात. बेल्ट आणि गिअर आपला वाटा खातात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे हवा थोडी विरळ, त्यात आणखी पाचेक टक्के जातात. जुन्या इंजिनाच्या हातात सात-आठ उरले तरी पुष्कळ. त्यातले दोन-अडीच गळाले तर सपाटीवर तुम्हाला पत्ताही लागणार नाही, आणि टेकाडावर गाडी उभी राहील. म्हणून एकटा ड्रायव्हर वर पोचतो आणि आजी बसल्या की गाडी थांबते.

आता आवाज. चढावर दम जाण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात आणि त्या कानाने ओळखता येतात. इंजिन मोठ्याने ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर इंजिन निर्दोष आहे, बेल्ट घसरतोय. पायथ्यापासूनच आवाज दबलेला आणि गाडी रांगतेय, तर हवा, सायलेन्सर, टॅपेट, क्लच किंवा ब्रेक. आणि आधी बरी, मग हळूहळू आवाज बसत गेला, थोडं थांबलं की परत ठीक, तर पेट्रोल कमी पोचतंय. तुमची गाडी या तिसऱ्या खात्यातली.

कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. पंप ती भरत राहतो, इंजिन ती रिकामी करत राहतं. सपाटीवर इंजिन घोट घोट पितं, त्यामुळे पंप अशक्त असला तरी वाटी भरलेली राहते. चढावर इंजिन घटाघटा पितं. भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला की वीस-तीस सेकंदांत वाटी तळाला जाते आणि आवाज बसतो. थांबून पुन्हा चालू करताना इंजिन थोड्या पेट्रोलवर फिरतं, पंपाला उसंत मिळते, वाटी पुन्हा भरते. तुमचा अर्धा चढ म्हणजे ती भरलेली वाटी आहे. अशा वेळी कार्बोरेटर दहादा साफ केला तरी काय होणार? अडचण त्याच्या आधी आहे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी विजापूर रस्त्यावरच्या एका लॉनची अशीच पेट्रोल कार्ट माझ्याकडे आली होती. मी तीनदा कार्बोरेटर उघडला, जेट बदललं, वर नवा प्लग टाकला. प्रत्येक वेळी गॅरेजसमोर गाडी मस्त पळायची आणि लॉनच्या रॅम्पवर जाऊन बसायची. चौथ्या खेपेला मी स्वतः तिथं गेलो. गाडी रॅम्पवर बसली तेव्हा माझ्याबरोबरच्या पोराने पेट्रोल किती आहे बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला, चांगला दोन सेकंद. पोरगा दचकला. मी तसाच गाडीत बसलो, चावी लावली, पॅडल दाबलं, गाडी सरळ वर. झाकणाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून. त्यात धूळ आणि पेट्रोलचा चिकटा बसून ते बुजलं होतं. आत हवा जायला वाट नाही, तर पंप पेट्रोल ओढणार कसं? बारीक तारेने छिद्र मोकळं केलं, काम झालं. त्या लॉनवाल्याचे आधीच्या तीन खेपांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून चढावर बसणारी कुठलीही पेट्रोल गाडी आली की मी आधी चढावर जाऊन झाकण फिरवतो, मगच पाना उचलतो.

तुम्हीही हेच आधी करा. टाकी अर्धी असू द्या, चार माणसं बसवा, चढावर गाडी बसेपर्यंत न्या. चावी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही याची खात्री करा आणि झाकण हळू फिरवा. आवाज आला आणि गाडी लगेच निघाली, तर दुखणं सापडलं. आवाज नाही आला तर पुढे चला.

तुमची गाडी चार महिने उभी होती, त्यामुळे मला दुसरा संशय पेट्रोलचाच आहे. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं. २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून होतं, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन गोष्टी जुन्या गाडीवाल्याला ठाऊक हव्यात. एक, इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, तर आतल्या दमट हवेचं पाणी त्यात मुरतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. दुसरं, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात, आतून सोलतात. बाहेरून नळी चकचकीत आणि आत पापुद्रा लोंबतोय, जोराने ओढलं की तो पापुद्राच वाट अडवतो, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बघायचं कसं? काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचं पाव लिटर पेट्रोल काढा. सावलीत, उघड्यावर, चुलीपासून लांब. बाटली पंधरा मिनिटं हलवू नका. मग उजेडाकडे धरा. एकसारखं दिसलं तर ठीक. खाली वेगळा थर, मधे काचेवर ओढल्यासारखी रेघ दिसली, तर सगळी टाकी रिकामी करून, पुसून, ताजं पेट्रोल भरा. तसलं पेट्रोल 'थोडं थोडं मिसळून संपवू' म्हणू नका. त्याच वेळी फिल्टर नवा टाका आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी बदला. मीटरभर नळी चांगल्या प्रतीची, इथेनॉल चालेल अशी मागून घ्या. भाजीवर फवारायच्या पंपाची प्लास्टिक नळी लावणारे महाभाग आहेत. ती आठ दिवसांत कडक होऊन तडकते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकतं.

तिसरी जागा पंप. या गाड्यांत बहुधा वीज नसलेला, पडद्याचा पंप असतो. इंजिनाच्या पोटातला दाब खालीवर होतो, त्या ठोक्यांवर पंपाचा पडदा हलतो. तो ठोका आणणारी एक वेगळी नळी असते, तिच्यात पेट्रोल नसतं, म्हणून ती फुटली तरी गळती दिसत नाही. तिला बारीक चीर गेली की ठोका निम्मा होतो आणि पंप निम्मं पेट्रोल देतो. चीर बहुतेक टोकाशी असते, जिथं नळी इंजिनाच्या तोटीवर चढवलेली असते. थंड असताना रबर घट्ट बसतं, तापलं की चीर उघडते. नळी काढून टोकाशी दोन बोटांनी वाकवून बघा. पंपाची धार तपासायची तर कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून इंजिन फिरवतात, ठोक्याठोक्याला ठसठशीत पिचकारी आली पाहिजे. पण हे काम ठिणगी बंद करूनच करायचं असतं आणि ती कशी बंद करायची हे इंजिनागणिक वेगळं. म्हणून ते तुम्ही किंवा दिरांनी करू नका, मिस्त्रीलाच करू द्या.

खात्री करायची एक जुनी युक्ती आहे. चढावर आवाज बसायला लागला की चोक थोडासा, पाव भाग ओढा. गाडीत जीव आला तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. उलट आणखी घुसमटली तर पेट्रोल पुरेसं आहे, हवा कोंडतेय. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. चार महिने उभ्या गाडीत उंदरांनी जोंधळ्याचा भुसा भरून ठेवलेला मी काढलाय. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलंही सापडतं.

ब्रेकही बघून घ्या, पावसाळ्यानंतर केबल गंजतात. गाडी न्यूट्रलला टाकून सपाटीवर एका माणसाने ढकलली तर सहज चालली पाहिजे. थोडी फिरवून आणल्यावर मागच्या दोन्ही ड्रमांजवळ हात न्या. एक कोमट आणि एक भाजणारा असेल तर तो ब्रेक धरून ठेवतोय. टायरमधली हवा तपासा. बाभळीच्या काट्याने हळू पंक्चर झालेला टायर सपाटीवर कळत नाही.

तुमची एका सिलिंडरची आहे. कुणाकडे ईझी-गो कंपनीची दोन सिलिंडरची जुनी कार्ट असेल तर त्यांनी थंड इंजिन चालू करून मिनिटभराने दोन्ही सिलिंडरांच्या एक्झॉस्टवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. एकीकडे चर्र झालं आणि दुसरीकडे पाणी नुसतं ओघळलं, तर गाडी एकाच सिलिंडरवर चाललीय. सपाटीवर तीही पळते.

आता गव्हर्नर. ताई, गव्हर्नर वेगाला आवर घालतो. या गाड्यांत तो बहुधा मागच्या ॲक्सलच्या गिअरपेटीत असतो आणि गाडी ताशी वीस-बावीसच्या वर जायला लागली की थ्रॉटल मागे ओढतो. तुमची गाडी चढावर पाच-सात किलोमीटरने रांगतेय. त्या वेगाला गव्हर्नर काहीच करत नसतो. तो बांधून चढावर काडीची ताकद वाढणार नाही. वाढेल तो उताराचा आणि सपाटीचा वेग. आणि ही गाडी म्हणजे ना दार, ना छातीवर पट्टा, ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. मुरमाच्या उतारावर, वळणावर, वेगात, आत आजी बसलेल्या. असं काम करून द्यायला मी नकार देतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. फार तर एवढं बघा : चावी बंद ठेवून पॅडल पूर्ण दाबलं की कार्बोरेटरमधली पत्ती पूर्ण उघडते का. उघडत नसेल तर केबल ताणलीय, ती ओढून घ्या.

प्रश्न : मिस्त्रीकाका, तुमचं उत्तर हातात घेऊनच एकेक करत गेलो. झाकणातून आवाज आला नाही. बाटलीत मात्र तळाला बोटभर वेगळा थर दिसला, अगदी तुम्ही म्हणालात तशी रेघ. टाकी धुतली, नळी-फिल्टर बदलले. मिस्त्रींनी पंपाची ठोक्याची नळी काढली तर इंजिनाकडच्या टोकाला चीर होती. तीही बदलली. आता चार माणसांत गाडी न थांबता वर जाते, आजी परत आल्या की त्यांना बसवून नेणार आहे! पण पाच-सहा जण आणि सामान असलं की पायथ्यापासूनच आवाज दबतो, थांबत नाही पण मुंगीसारखी जाते. चोक ओढला तर आणखी बिघडते. एअर फिल्टर नवा आहे, सायलेन्सर मोकळा आहे, ब्रेक मोकळे आहेत.

उत्तर : ताई, चीर सापडली हे वाचून बरं वाटलं. पहिलं एक सांगतो : गाडी जितक्या माणसांची, तितकीच बसवा. चारांच्या गाडीत सहा बसवून चढावर नेऊ नका, दोन खेपा करा. पण पाच माणसांनाही ती पायथ्यापासून दबते, म्हणजे क्लच, म्हणजे बेल्ट आणि त्याच्या दोन पुल्या, बघायला हवा. आणि हे दुखणं नवीन नाही, आधीही असणार. पेट्रोलच्या दुखण्याखाली झाकलं होतं.

तुमच्या गाडीत गिअर बदलायचा दांडा नाही. दोन पुल्या आणि मधे एक रुंद बेल्ट, ॲक्टिव्हासारखंच. इंजिनावरची पुढची पुली वेग वाढला की मिटत जाते आणि बेल्टला बाहेरच्या कडेकडे ढकलते. मागची पुली तेवढीच उघडते. झाला टॉप गिअर. चढ लागला की याच्या उलट व्हायला हवं. मागच्या पुलीत जाड स्प्रिंग आणि तिरकी खाच असते. चाकावर ओझं आलं की खाचेमुळे मागची पुली मिटते, बेल्ट पुन्हा तिच्या कडेवर चढतो, गाडी पहिल्या गिअरला येते. स्प्रिंग मेली असेल, खाचेवर घासणारे प्लास्टिकचे बटण झिजले असतील किंवा दांड्यावर मुरमाची धूळ बसून पुली जाम झाली असेल, तर बेल्ट वेळेआधीच टॉपला जातो आणि तिथंच राहतो. तुम्ही सायकलवर मोठ्या गिअरमध्ये चढ चढायला जाल तर जशी मांडी भरून येते, तसं इंजिनाचं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं इंजिन गेलं.

बेल्टाला हात लावण्याआधी चावी काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. या गाड्या पॅडल दाबलं की चालू होतात. तुम्ही वाकलेले आणि एखादं पोरगं खेळता खेळता पॅडलवर उभं राहिलं, तर बोटं जातील.

सीट उचला. गाडी थांबलेली असताना बेल्ट मागच्या पुलीच्या अगदी कडेला, कडेशी सपाट बसलेला दिसला पाहिजे. चार-पाच मिलिमीटर आत उतरलेला असेल तर तो झिजून अरुंद झालाय. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. जुन्या खात्यात वरच्या शाफ्टवरून मागावर चामड्याचे पट्टे उतरायचे. त्यांनी मला लहानपणी शिकवलं की पट्टा डोळ्याने नाही, तळव्याने बघायचा. बेल्टाच्या दोन्ही तिरक्या कडांवर बोट फिरवा. चांगल्या बेल्टाची कड सुती कापडासारखी, किंचित खरखरीत लागते. खराब झालेली काचेसारखी गुळगुळीत आणि चमकते. मग व्हर्नियरने रुंदी मोजा आणि नव्या बेल्टाशी ताडा. तीन मिलिमीटरने कमी भरला की मी तो परत लावत नाही. तुमचा बेल्ट गाडी घेतल्यापासूनचा असेल तर आता बदलाच, आणि नवा घेताना गाडीचं मॉडेल सांगून घ्या. दिसायला सारखा पण दोन मिलिमीटर अरुंद बेल्ट लावला तर पुन्हा हेच होईल.

आता मार्करची परीक्षा. मला ती फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. गाडी पायथ्याशी पूर्ण थांबवा, चावी काढून वायर सोडा आणि तिथंच पुढच्या पुलीच्या आतल्या चकतीवर, मध्यापासून कडेपर्यंत, काळ्या मार्करने सरळ रेघ ओढा. वायर जोडा, पाच माणसं बसवा आणि तिथून चढायला लागा. मुंगीच्या चालीने वीस-तीस मीटर गेलात की थांबा, पुन्हा चावी काढून वायर सोडा आणि रेघ बघा. बेल्ट जिथपर्यंत गेला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. इतक्या हळू चालीत फक्त मध्याजवळचा थोडा भाग पुसायला हवा. रेघ बाहेरच्या कडेपर्यंत पुसली असेल तर गाडी रांगत असताना बेल्ट टॉपला पोचला होता. म्हणजे मागची पुली दमलीय.

मग मागची पुली खोलायला द्या. स्प्रिंग नवी, बटणांचा संच नवा. दोन्ही पुल्यांच्या चकत्या थिनरने पुसून कोरड्या करायच्या. तिथं ग्रीसचा थेंबही नको. पुली 'सरकत नाही' म्हणून कुणी तरी ऑइल सोडतं, त्यावर धूळ बसते, त्याची खळ होते आणि पुली कायमची अडकते. काम झाल्यावर तुमच्यासमोर हलती चकती हाताने पिळून सोडायला सांगा. ती झटक्यात जागेवर आली पाहिजे. आळसावल्यासारखी आली तर पैसे देऊ नका.

हे सगळं करूनही दबली तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघू. तेव्हा गाडी माझ्याकडे घेऊन या, पत्रातून ते होणार नाही. तोवर रोज संध्याकाळी इंजिनाच्या पंख्याच्या जाळीवरचा भुसा ब्रशने झाडत जा. हवेवर थंड होणारं इंजिन आहे आणि हुरड्याच्या दिवसांत तुमच्या शेतात भुसाच भुसा उडणार.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयात बॅटरीची कार्ट आहे, ४८ व्होल्टची, ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. गेटाच्या उतारावरून वर यायला ती आता फार वेळ घेते. सगळ्या बॅटऱ्या बदलायला सांगतात. खर्च मोठा आहे. खरंच बदलाव्या लागतील का?

उत्तर : दादा, आधी बदलू नका, मोजा. रात्रभर चार्ज करा. सकाळी उतारावरून चार-पाच फेऱ्या मारून लगेच प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून भिंतीवर खडूने लिहा. पाच जणी एकमेकींच्या जवळ आणि एकच बरीच खाली, असं निघालं तर ती एक बाकीच्यांना खाली ओढतेय. बॅटरीच्या दुकानात तीच लोडवर तपासून घ्या. सगळ्या सारख्याच खाली असतील आणि चार-पाच वर्षं वापरलेल्या असतील, तर त्यांचं म्हणणं खरं आहे.

मोजण्याआधी मात्र झाकणं उघडून पाणी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पाणी भराभर उडतं, प्लेटा उघड्या पडतात. प्लेटा उघड्या दिसल्या तर चार्ज करण्याआधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर. बोअरचं पाणी कधीही नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा असेल तर वायरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरड्या करा, नट घट्ट आवळा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. एक ढिली वायर चढावर इतकी तापते की तिचं आवरण वितळतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर गाडी बंद करून सगळ्या जोडांजवळ हाताचा पालथा भाग न्या, न टेकवता. जिथं ऊब लागेल तिथं आधी पाना लावा.